बुक्क्याच्या डबीतलं टोक

टक् असा आवाज झाला आणि कस्तुरीनं उजवा हात वर केला.

सुई मोडली की पायडलवरचा पाय काढायचा, हात वर करायचा आणि जागचं हलायचं नाही, असा एल्सवुड अँड सनमधला नियम होता. एकामागोमाग एक अकरा मशिनं थांबली. विलायतेतल्या स्लाऊ गावच्या त्या शिवणखात्यात एवढी शांतता एरवी फक्त नाताळच्या सुट्टीतच असायची.

सुपरवायझर लिंडा चुंबकाची काठी घेऊन धावत आली. सुईचा वरचा तुकडा मशिनच्या दांड्यातच राहिला होता. मधला शिवणीत अडकलेला सापडला. टोक मात्र मिळेना. तांदळाच्या कणीएवढं टोक ते!

"शैला, तू ये इकडे," लिंडानं हाक मारली. "तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

समोरच्या मशिनवरून उकिडव्यांच्या शैलाबाई उठल्या. चोवीस वर्षं त्यांनी इथं विमानातल्या सामानाच्या जाळ्या आणि पट्टे शिवले होते. कस्तुरीच्या टेबलावर ओणव्या होऊन, हातांनी चाचपून, त्यांनी खरोखर मनापासून शोधलं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यावरून कुणाला वेगळं वाटेल.

"काय शोधून राहिलो आपण, काकू, दिसतसुद्धा नाही ते," कस्तुरी रडवेली होऊन म्हणाली. "नऊ दिवस लागले हो मला ही पिशवी शिवायला."

"शोधून राहिलो" ऐकून शैलाबाईंच्या कपाळाला नेहमीप्रमाणे आठी पडली. नागपूरहून येऊन तीन वर्षं झाली तरी पोरीची भाषा काही सुटली नव्हती. पण खोटं कशाला बोला, भाषेचं निमित्त होतं. डोळ्यांत खुपत होती ती टेबलावरची पांढरी पिशवी.

ती साधी पिशवी नव्हती. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकावर माणसं राहतात, त्यांना कपडे, जेवण, औषधं सगळं इथूनच पोचवावं लागतं. अमेरिकेचं सरकार आजवर ते स्वतःच्या यानातून पाठवत होतं. ती यानं आता निवृत्त व्हायची होती, म्हणून सरकारनं ठरवलं होतं की सामान पोचवायचं काम खाजगी कंपन्यांना कंत्राटानं द्यायचं. दोन हजार आठचा मे महिना होता. कंत्राट मागणाऱ्या कंपन्यांपैकी एकीला सामान भरायला पिशव्या हव्या होत्या. तिनं चार ठिकाणांहून नमुने मागवले होते, त्यात स्लाऊचं एल्सवुड होतं. पोटकंत्राटाचंही पोटकंत्राट, पण मिळालं तर पाच-सहा वर्षांचं काम. नाहीतर मंदीत कारखान्याचं काही खरं नव्हतं.

नमुना एकच जायचा होता. ज्या बाईनं तो शिवला तिचं नाव प्रस्तावाच्या जाड फाइलमध्ये एका पानावर छापलं जाणार होतं, फोटोसकट: मुख्य शिवणकार. ती फाइल कंपनीकडून सरकारच्या टेबलावर जाणार. लिंडानं दोघींना पिशव्या शिवायला सांगितल्या, शैलाबाईंना आणि कस्तुरीला. आणि आदल्याच दिवशी, बुधवारी, दोन्ही पिशव्या उलट्यापालट्या करून म्हणाली होती, "शैला, तुझी छानच आहे गं. पण कस्तुरीची जाऊ दे. फक्त आतली एक पट्टी राहिलीय तिची."

"हो हो, तिचीच जाऊ दे," शैलाबाई तोंडदेखलं हसल्या होत्या, आणि घरी जाऊन भाजीत दोनदा मीठ घातलं होतं.

ह्या पोरीला कारखान्यात आणलं कुणी? त्यांनीच. तिचा नवरा अवधूत सॉफ्टवेअरमध्ये, दिवसभर बाहेर. ही बिचारी घरात एकटी, भिंतींशी बोलते म्हणाली, म्हणून त्यांनीच लिंडाकडे शब्द टाकला. कीर्तनाला नेलं कुणी? त्यांनीच. कॉव्हेंट्रीचे रघुवीरबुवा महिन्यातल्या एका रविवारी स्लाऊला येऊन कीर्तन करत. मोटारीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस, पण उपरणं खांद्यावर टाकून उभा राहिला की हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्याचं कुणाला भान राहत नसे. पंधरा वर्षं त्यांच्या मागं झांज घेऊन शैलाबाई उभ्या राहत. मध्यंतराला सगळ्यांना बुक्का लावायचा मानही त्यांचाच. आणि आता? आता बुवा अभंगाचं ध्रुपद मागच्यांवर सोडताना मान वळवून बघत ते कस्तुरीकडे. "वा पोरी! उचल, उचल!" पोरीचा आवाज असा लागायचा की शैलाबाईंना स्वतःची झांज भांड्यांसारखी वाजतेय असं वाटायचं.

देवाच्या दारात हेवा करू नये, हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं. पण हेवा वाटायचा तो वाटायचाच.

तासभर शोधूनही टोक सापडलं नाही. लिंडानं सगळ्यांना चहाला पाठवलं. कँटीनमध्ये खिडकीजवळ बसून शैलाबाईंनी कार्डिगनची बाही सारखी करायला घेतली, आणि बोटाला काहीतरी लागलं. मनगटाजवळच्या लोकरीत, तिरकं रुतलेलं. टेबलावर ओणव्या झाल्या तेव्हाच अडकलं असणार.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आता उठायचं होतं आणि ओरडायचं होतं, "लिंडा, सापडलं!" तोंड उघडलंही असेल त्यांनी. पण पलीकडच्या टेबलावर तीन जणी कस्तुरीच्या पाठीवर हात फिरवत बसल्या होत्या आणि लिंडा तिच्यासाठी चहात साखर ढवळत होती. चोवीस वर्षांत शैलाबाईंच्या तीन सुया मोडल्या होत्या. त्यांच्या चहात कुणी साखर घातली नव्हती.

त्यांनी पर्स उघडली. सुईचा तुकडा उघडा टाकायचा नाही ही हाताला लागलेली सवय; झाकणाची वस्तू म्हणजे बुक्क्याची छोटी स्टीलची डबी. टोक त्यात टाकलं, झाकण फिरवलं. फक्त चहा होईपर्यंत, असं त्या स्वतःला म्हणाल्या. मग घंटा झाली.

नियम अगदी सरळ होता. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे एका कार्डावर टेपनं चिकटवायचे, कुणाला, कुठं, कधी सापडले ते लिहायचं, आणि ते कार्ड मालाबरोबर जाणार. एकही तुकडा कमी असला तर माल बाद. लिंडानं पहिल्याच दिवशी समजावलं होतं: "वर काहीच खाली पडत नाही. पिशवीतलं सुईचं टोक हवेत तरंगत राहील, आणि एखाद्याच्या डोळ्यात जाईल." म्हणून कस्तुरीच्या पिशवीला लाल चिठ्ठी लागली. सोमवारी सकाळी नऊला ती मोठ्या कात्रीनं कापायची, म्हणजे चुकूनही कुणी वापरणार नाही. आणि दुपारी बाराच्या कुरियरनं शैलाबाईंची पिशवी जायची.

सुटीच्या वेळी कस्तुरी स्वतःच त्यांच्यापाशी आली. नाक लाल झालेलं. "काकू, तुमची जातेय ते बरं झालं. दुसऱ्या कुणाची गेली असती तर मला झोप नसती आली." आणि तिनं त्यांना मिठीच मारली.

हरतानाही ही आपल्यापेक्षा चांगलीच! शैलाबाईंना त्या क्षणी तिचा जेवढा राग आला तेवढा आजवर कधी आला नव्हता.

"अगं, मग पेढे कुठायत?" घरी मुरलीधररावांनी विचारलं. बायकोचं नाव अमेरिकन सरकारच्या फायलीत जाणार हे कळल्याबरोबर ते कोपऱ्यावरच्या दुकानदारालासुद्धा सांगून आले होते. "उकिडव्यांचं नाव आजवर गॅसच्या बिलापलीकडे कुठं छापून आलं नाही. आता थेट अंतराळात!"

"नाव फायलीत जातं. अंतराळात पिशवी जाते."

"तेच ते. तू हसत का नाहीयेस?"

"दाढ दुखतेय," शैलाबाई म्हणाल्या.

पिशवीत टोक नाहीच आहे, मग धोका कुणाला? माझी पिशवी तर निर्मळ आहे. मी कुणाचं वाईट केलं? सुई काय मी मोडली? दोन दिवस असा जप चालला होता. खऱ्या जपाची माळ खुंटीवरच राहिली.

रविवारी हॉल भरला होता. बुवांचा पूर्वरंग संपला, आणि नेहमीप्रमाणे बुवा उपरण्यानं घाम पुसत थांबले. कुणी हार घातला. आता बुक्का. शैलाबाईंनी पर्समधून डबी काढली, झाकणावर बोटं ठेवली, पण झाकण फिरवलंच नाही. काळ्या भुकटीत कुठंतरी ते टोक होतं. ह्या बोटानं घ्यायचं आणि बुवांच्या कपाळाला लावायचं? लहान मुलं पहिल्या रांगेत कपाळं पुढं करून बसली होती.

"शैलाताई?" बुवा वाकले होते.

"बुक्का... संपलाय, बुवा. भरायचा राहिला."

"माझ्याकडे आहे ना!" मागून कस्तुरी म्हणाली, आणि चटकन स्वतःची डबी काढून तिनं बुवांना बुक्का लावला, मग रांगेनं सगळ्यांना. शेवटी शैलाबाईंनाही. हलकं, थंड बोट. शैलाबाईंनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं भक्तीनं.

उत्तररंगाला बुवांनी तुळाभाराचं आख्यान लावलं. सत्यभामेनं नारदाच्या बोलण्याला भुलून कृष्णच दान दिला; परत हवा तर त्याच्या भारंभार सोनं दे, म्हणाला नारद. तिनं पारड्यात सोन्याची रास घातली, हार, तोडे, बाजूबंद सगळं घातलं, पण कृष्णाचं पारडं जमीन सोडीना. मग रुक्मिणीनं एक तुळशीचं पान ठेवलं आणि पारडं उचललं गेलं. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. पण बुवांची खोड अशी, की पाठ असलेल्या गोष्टीत ते मध्येच गाडी थांबवत.

"थांबा!" झांजा थांबल्या. "रुक्मिणीच्या पानाला आपण सगळेच हात जोडतो. पण मला एक सांगा. पान ठेवायच्या आधी पारड्यातलं ते सोनं उतरवलं कुणी?"

बुवांनी हॉलभर नजर फिरवली.

"नोकरांनी? नारदानं? अहो, जिनं चढवलं तिनंच! जिच्याशी उभा दावा, ती सवत शेजारी उभी, अख्खी द्वारका बघतेय, आणि ही बाई एकेक दागिना आपल्या हातानं खाली काढतेय. काय वाटलं असेल हो तिला? पान ठेवणं सोपं होतं रुक्मिणीला, तिचं मनच तसं. अवघड काम सत्यभामेचं. म्हणून आज मी नमस्कार करतो तो त्या रिकाम्या केलेल्या पारड्याला." आणि बुवांनी खरंच, समोर तराजू असल्यासारखे वाकून हात जोडले. मग मान वळवून ध्रुपद सोडलं. कस्तुरीनं उचललं. शैलाबाईंची झांज अर्धी मात्रा उशिरा पडली.

सोमवारी पावणेनऊला त्यांनी लिंडाच्या टेबलावर डबी उपडी केली. काळ्या भुकटीतून चिमट्यानं टोक उचललं, पुसलं, आणि कार्डावर, मोडक्या दोन तुकड्यांच्या खाली, टेपनं चिकटवलं. तिन्ही मिळून अख्खी सुई झाली.

"अगं, देव भलं करो तुझं!" लिंडा खुर्चीतून उठलीच. "कुठं होतं? लिही, लिही पटकन, कात्रीवाला येईल."

शैलाबाईंनी लिहिलं. कुणाला सापडलं: एस. उकिडवे. कुठं: माझ्या बाहीत. कधी: गुरुवार, तीन दहा.

लिंडानं वाचलं. "आज सोमवार आहे, शैला."

"सापडलं गुरुवारी."

लिंडाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती हळूच खाली बसली. "आजची तारीख टाकलीस तर मी काही विचारणार नाही," ती दाराकडे बघत म्हणाली. "हे कार्ड पिशवीबरोबर जातं. तिथले सरकारी लोकसुद्धा वाचू शकतात."

"वाचू देत."

"चोवीस वर्षं, शैला!"

"हो ना," शैलाबाई म्हणाल्या.

लिंडानं सही केली. "उद्यापासून तू पॅकिंगमध्ये. मशिनवर मला तुला बसवता येणार नाही. गुडघ्यांमुळे म्हणून सांगेन मी सगळ्यांना." मग जरा थांबून, "टोक सापडलं एवढंच सांगेन. बाकीचं तुझं तू."

बाहेर कस्तुरी वाटच बघत होती. "काकू! तुम्ही शोधलंत? सुटीच्या दिवशी येऊन शोधलंत की काय?" ती अक्षरशः नाचली. बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शैलाबाईंनी कार्डाला सांगितलं होतं, लिंडाला सांगितलं होतं. पण त्या चेहऱ्याला सांगायला जीभ उचललीच नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "जा, पट्टी पुरी कर. बाराला कुरियर आहे."

तेव्हापासून सात महिने कस्तुरीनं त्यांना मायेनं नकोसं केलं. बसमध्ये खिडकीची जागा धरून ठेवायची. डब्यातून तर्रीपोहे आणायची, थंडीत कोथिंबिरीची सांबारवडी. "माझी पिशवी काकूंमुळे वाचली," असं हॉलमध्ये सगळ्यांना सांगायची. बुवांनासुद्धा. बुवांनी "वा, शैलाताई!" म्हटलं तेव्हा शैलाबाईंना हॉलच्या लाकडी जमिनीनं गिळावं असं वाटलं. बुक्का लावायचं काम त्यांनी कस्तुरीला देऊन टाकलं होतं. हात थरथरतो, म्हणाल्या. आणि हेवा? तो काही गेला नाही. पॅकिंगच्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यांना टेप लावताना भिंतीपलीकडून मशिनांचा आवाज यायचा, त्यातलं कस्तुरीचं मशीन त्यांना बरोबर ओळखू यायचं. न अडखळता लांब पळणारं. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान तिकडेच.

नाताळाच्या तोंडावर बातमी आली. अमेरिकन सरकारनं सामान पोचवायचं कंत्राट दिलं, पण एल्सवुडचा नमुना ज्या कंपनीकडे गेला होता तिला नाही. लिंडानं सगळ्यांना जमवून सांगितलं आणि बिस्किटांचा डबा फिरवला. "निदान आपण विचारण्याजोगे होतो," ती म्हणाली.

जानेवारीत एका गुरुवारी अमेरिकेहून खोकं परत आलं. परत आलेला माल उघडायचं काम पॅकिंगचं. शैलाबाईंनी टेप कापली. आत पांढरी पिशवी, आणि तिच्या कडीला दोऱ्यानं बांधलेलं कार्ड.

त्यांनी आधी पिशवीत हात घातला. मे महिन्यापासून, खरं तर पहिल्या दिवसापासून, त्यांनी ती कधी नीट बघितलीच नव्हती. फक्त तिच्याकडे बघून जळल्या होत्या. आता बोटं शिवणीवरून फिरवली. कोपऱ्यात चार थर एकत्र येतात तिथं त्यांच्या स्वतःच्या पिशवीला एक बारीकशी चुणी आली होती, कुणाला न दिसणारी. इथं चुणी नव्हती. चारही कोपरे त्यांनी दोन-दोनदा चाचपले. नव्हतीच.

"चांगला आहे गं हात तुझा," त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या.

मग कार्ड. टेप जरा पिवळी पडली होती. गुरुवार, तीन दहा. हातात कात्री होतीच. दोरा एवढासा. कंत्राट गेलेलं, फाइल बंद झालेली, लिंडा कधी बोलणार नाही. एकदा कात्री मिटली की खिडकीची जागा आणि सांबारवडी जन्मभर. शैलाबाईंनी कात्री उघडली, दोऱ्यापर्यंत नेली. आणि मग टेबलावर ठेवून दिली, पाती मिटून.

सात महिन्यांत पहिल्यांदाच त्या शिवणखात्यात शिरल्या.

"अय्या काकू! आली का परत माझी बया?" कस्तुरीनं पाय काढला. "आणा आणा. आता हिच्यात आपल्या झांजा ठेवू, काय? कीर्तनाला नेऊ."

"कार्ड बघ आधी," शैलाबाई म्हणाल्या.

"ते कशाला? मला माहितेय की, तुम्हाला सापडलं ते."

"वाच गं."

कस्तुरीनं वाचलं. पुन्हा वाचलं. आजूबाजूची मशिनं चालूच होती. "गुरुवार?" ती म्हणाली.

"गुरुवार. चहाच्या वेळी. तू पलीकडच्या टेबलावर रडत होतीस."

"आणि तुमच्याकडे होतं?"

"पर्समध्ये. बुक्क्याच्या डबीत."

कस्तुरीचा चेहरा आधी काही समजलं नाही असा झाला, मग सगळं समजल्यासारखा. तिनं विचारलं नाही, का म्हणून. कदाचित ते तिला आधीपासूनच कुठंतरी माहीत असावं. ती मशिनकडे वळली आणि पायडल दाबलं. सुईखाली कापड नव्हतं. मशीन तसंच रिकामं पळत राहिलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसली, पर्स शेजारी ठेवून. शुक्रवारी दिसलीच नाही.

रविवारी जाऊ नये असं शैलाबाईंना वाटत होतं. "सर्दी झालीय सांगतो," मुरलीधरराव म्हणाले. टोकाचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, पण बायकोचा चेहरा वाचता येत होता. "नको, जाते," त्या म्हणाल्या. झांजा घेऊन त्या बुवांच्या मागं उभ्या राहिल्या नाहीत. खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत, टोकाला बसल्या, झांजा मांडीवर. पुढं कस्तुरी उभी होती. तिच्या पायाशी पांढरी पिशवी होती, कडीला दोरा होता, कार्ड नव्हतं. एकटीच ध्रुपद उचलत होती.

मध्यंतर झालं. बुवांना बुक्का लावून कस्तुरी खुर्च्यांकडे आली. पहिली रांग, दुसरी रांग. तिसऱ्या रांगेत ती एकेक कपाळ करत टोकापर्यंत आली आणि थांबली. बोट डबीत होतं. शैलाबाईंनी कपाळ पुढं केलं नाही, मागंही घेतलं नाही. डोळे मात्र ह्या वेळी उघडे ठेवले.

बोट टेकलं. नेहमीसारखं हलकं नाही. चांगलं दाबून, जवळजवळ दुखेल असं.

मग कस्तुरी मागच्या रांगेकडे वळली. बुवांनी पुढं आख्यानाचा पहिला सूर लावला, आणि शैलाबाईंनी मांडीवरच्या झांजा उचलल्या.